खोऱ्यातील प्राचीन समुद्राच्या चढउतारांचे वय खडकांच्या चुंबकत्वावरून कसे काढावे

सोलापुरातील जुन्या घरांच्या पडवीत आणि माजघरात आजही जी शहाबादी फरशी दिसते, ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून आलेली असते आणि एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या चिखलापासून ती बनलेली आहे. आज तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. हा समुद्र कधी आला आणि कधी हटला, असा प्रश्न भूशास्त्राच्या पहिल्याच वर्गात कोणीतरी विचारतेच. असा प्रश्न सोडवण्याची जी एक खात्रीची पद्धत आहे, ती थरांमध्ये कोरल्या गेलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर आधारलेली आहे आणि तिची रीत पुढे सविस्तर दिली आहे. मात्र आपल्या फरशीला ही पद्धत लागू पडत नाही, हे आधीच सांगणे योग्य ठरेल. कारण पद्धतीच्या मर्यादा कळल्याशिवाय हातात छिन्नी घेणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय.

पद्धतीचे तत्त्व

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते. आज होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, तर दहा-बारा लाख वर्षांपूर्वी बहुतेक काळ ती दक्षिणेकडे वळली असती. फ्रान्समधील लाव्हा व त्याखालील भाजलेल्या मातीत अशी उलटी दिशा बर्नार ब्रून यांना आढळली आणि १९०६ मध्ये त्यांनी ती नोंदवली. मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये जपान व आसपासच्या ज्वालामुखी खडकांवरून हे उलटणे कालक्रमाशी जोडून दाखवले. सुई आजच्यासारखी उत्तरेकडे वळते तेव्हा ध्रुवता सामान्य आणि उलटी वळते तेव्हा व्युत्क्रम म्हणतात. आजच्या सामान्य ध्रुवतेच्या कालखंडाला ब्रून यांचे नाव असून तो सुमारे ७.७३ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याआधीचा व्युत्क्रम ध्रुवतेचा मातुयामा कालखंड २५.८ लाख वर्षांपासूनचा आहे आणि त्याच्याही आधी सामान्य ध्रुवतेचा गॉस कालखंड येतो. मातुयामाच्या पोटात काही छोटे सामान्य तुकडे आहेत. त्यांपैकी हारामियो साधारण १०.७ ते ९.९ लाख वर्षांपूर्वीचा आणि ओल्डुवाई १९.३ ते १७.८ लाख वर्षांपूर्वीचा आहे.

गाळ पाण्यात खाली बसत असताना त्यातील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे सूक्ष्म कण त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि गाळ घट्ट झाला की त्याच दिशेत अडकून राहतात. त्यामुळे थरांच्या चवडीत सामान्य आणि व्युत्क्रम पट्ट्यांची एक मालिका तयार होते. या मालिकेचा मोठा गुण असा की क्षेत्र उलटते ते साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उलटते. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या खोऱ्यात हा गुण अमोल ठरतो. अशा खोऱ्यातील शंखशिंपले आणि सूक्ष्मजीव बहुधा तिथलेच असतात, त्यांचे भाऊबंद खुल्या महासागरात सापडत नाहीत आणि म्हणून जीवाश्मांवरून जागतिक कालक्रमाशी गाठ घालता येत नाही. चुंबकीय पट्ट्यांना मात्र खोऱ्याच्या सीमा अडवत नाहीत.

इथे एक भेद मनात पक्का करून ठेवावा, कारण पुढील बहुतेक चुका त्याच्या विस्मरणातून होतात. चुंबकत्व थराचे वय सांगते, समुद्राची पातळी सांगत नाही. पाणी चढले की उतरले हे गाळाच्या कणांचा जाडेभरडेपणा, लाटांच्या खुणा, मिठाचे थर, मुळांच्या नळ्या आणि जीवाश्म यांवरूनच वाचावे लागते. शिवाय खोऱ्यातील पातळी ही जागतिक सागरपातळी असतेच असे नाही. कॅस्पियन समुद्राची पातळी आज महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २९ मीटर खाली आहे आणि ती स्वतःच्या नद्यांच्या व बाष्पीभवनाच्या हिशोबाने चढते-उतरते. म्हणून जागतिक सागरपातळीच्या आलेखाशी खोऱ्यातील चढउतार डोळ्यांनी जुळवून त्यावरून वय ठरवू नये. तसे केले तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होते.

खोरे आणि छेद निवडताना

ही पद्धत कुठे चालते, याचे उत्तर क्षेत्र कधीकधी उलटले याच्या वेळापत्रकात आहे. सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांच्या आधाराने बांधलेले सलग वेळापत्रक जुरासिक कालखंडापर्यंत, म्हणजे साधारण सोळा-सतरा कोटी वर्षे मागे जाते. भीमा खोऱ्यातील शहाबादी चुनखडी त्याहून कितीतरी जुनी, कँब्रियनपूर्व काळातील मानली जाते. तिच्या पट्ट्या मिळाल्या तरी त्या कशाशी जुळवायच्या, हा प्रश्न उरतोच. दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघचे थर हे मध्य भारतात क्रिटेशस काळी समुद्र शिरल्याचा उत्तम पुरावा आहेत, परंतु सुमारे १२.१ ते ८.३ कोटी वर्षांच्या दरम्यान पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ उलटलेच नाही आणि बाघच्या थरांचा बराच भाग याच शांत काळातला आहे. पट्ट्याच नाहीत, तर मोजायचे काय? घड्याळ आहे, पण काटा हलत नाही, अशी ती अवस्था असते.

उलट कॅस्पियनचे खोरे या कामासाठी जणू घडवलेले आहे. तिथे गेल्या काही दशलक्ष वर्षांत गाळ भराभर साचला आणि त्याच काळात क्षेत्र अनेकदा उलटले. अक्चागिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या महापुरात कॅस्पियनचे पाणी आजच्या किनाऱ्यांच्या कितीतरी बाहेर पसरले होते. हा पूर पूर्वी अनेकदा ३६ ते ३२ लाख वर्षांइतका जुना धरला जाई. चुंबकीय पट्ट्या आणि ज्वालामुखी राखेच्या वयांचा एकत्र विचार झाल्यावर तो अलीकडे सरकला आणि गॉस कालखंडाच्या उत्तरार्धात, साधारण ३० ते २७ लाख वर्षांच्या दरम्यान आला. मध्य आशियातील तारीम आणि ताजिक खोऱ्यांतून इओसीन काळात पश्चिमेकडे हटलेल्या समुद्राचा इतिहासही याच रीतीने, चुंबकीय पट्ट्या आणि जीवाश्म यांची सांगड घालून मांडला गेला आहे.

छेद, म्हणजे एकावर एक थर उघडे दिसणारा उभा काप, निवडताना थर सलग, शक्यतो शंभर मीटरहून जाड आणि बारीक कणांचे असावेत. चिकणमाती व गाळवट दगड चांगले, जाड वाळूचा दगड आणि गोट्यांचे थर निरुपयोगी. छेदात निदान एक राखेचा थर किंवा वय ठाऊक असलेला जीवाश्म असावा. नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सोलापुरात सराव

दूरच्या खोऱ्यात जाण्याआधी घराजवळ सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन. सीना किंवा भीमेच्या काठावर गेल्या काही हजार वर्षांत साचलेला बारीक, थर स्पष्ट दिसणारा गाळ त्यासाठी निवडावा. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. दिशा उत्तरेकडे आणि नती, म्हणजे दिशेने क्षितिजाखाली केलेला कोन, साधारण ३२ अंश किंवा गाळ दबल्यामुळे त्याहून थोडी कमी यायला हवी. हा आकडा एका सोप्या सूत्रातून येतो, ज्यात नतीची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते आणि सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश आहे. उत्तर असे आले नाही, तर दोष गाळाचा नसून बहुधा आपल्या हातांचा असतो. मात्र उघड्या काळ्या मातीचे नमुने घेऊ नयेत. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात फुगते आणि अशा रीतीने स्वतःलाच नांगरत राहते. तिच्यात मूळ दिशा टिकण्याची आशा नाही.

सोलापूरच्या परिसराचा दुसरा धडा बेसाल्ट देतो. खडीच्या खाणीतील ताज्या काळ्या दगडाजवळ होकायंत्र नेले, तर सुई काही अंशांनी हलताना दिसते. अशा ठिकाणी चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही आणि सूर्यकंपास, म्हणजे सावलीच्या दिशेवरून व घड्याळातील वेळेवरून खरी उत्तर काढण्याचे साधे उपकरण, वापरावे लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास भर दुपारी काडीची सावली पायाशीच राहते आणि सूर्यकंपास आंधळा होतो. वाचन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर घ्यावे, उन्हाच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचे. टेकड्यांच्या माथ्यावरचे नमुने टाळावेत, कारण विजेच्या लोळाने खडकात प्रचंड आणि भलत्याच दिशेचे चुंबकत्व भरलेले असू शकते.

नमुने घेणे

प्रथम छेदावरचा वाळलेला, भेगाळलेला थर खणून बाजूला करावा. अर्धा मीटर आत गेल्यावर सहसा ताजा, ओलसर रंगाचा खडक लागतो. कठीण खडकात पेट्रोलवर चालणाऱ्या आणि पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलने २.५ सेंटिमीटर व्यासाची कांडी काढली जाते. कांडी खडकापासून तोडण्याआधी तिच्यावर दिशामापकाची नळी चढवून कांडीचा कल आणि दिशा नोंदवावी, वरच्या बाजूस पितळी तारेने रेघ ओढावी आणि त्या रेघेवर बाहेरच्या टोकाकडे बाण काढावा. या बाणाकडे दुर्लक्ष करू नये. माझ्या पहिल्या खेपेत सोबतच्या माणसाने काही कांड्यांवर बाण आतल्या बाजूला काढले होते आणि ते कोणते हे आम्हाला सांगता येईना. त्या कांड्यांमधून सामान्य व व्युत्क्रम दिशांची अशी खिचडी निघाली की अख्खा गट फेकून द्यावा लागला. तेव्हापासून बाण काढणारा आणि वहीत लिहिणारा अशी दोन वेगळी माणसे ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक बाण मोठ्याने वाचून घेण्याची शिस्त मी पाळतो.

मऊ चिकणमातीत ड्रिल चालत नाही. तिथे दोन सेंटिमीटरचे प्लॅस्टिकचे चौकोनी डबे सपाट केलेल्या पृष्ठभागात हळूच दाबून बसवावेत आणि दिशा नोंदवून मग कापून काढावेत. थरांचा कल व कलाची दिशा प्रत्येक पाच-दहा मीटरवर स्वतंत्रपणे मोजावी, कारण पुढे सगळ्या दिशा थर आडवे असतानाच्या स्थितीत फिरवून घ्यायच्या असतात.

दोन नमुन्यांमधील अंतर किती असावे, हे गाळ साचण्याच्या वेगावर ठरते. वेग लाख वर्षांना १२ मीटर असेल, तर एक मीटर म्हणजे सुमारे ८,३०० वर्षे. रियुनियन नावाचा सामान्य ध्रुवतेचा तुकडा सुमारे २४ हजार वर्षांचाच आहे. त्या वेगाने त्याची जाडी तीन मीटरही भरत नाही. पाच मीटर अंतराने नमुने घेणाऱ्याला तो सापडला तर नशीब म्हणावे लागेल. म्हणून आरंभी एक मीटर अंतर ठेवावे आणि जिथे ध्रुवता बदलताना किंवा समुद्र आत शिरताना दिसतो, तिथे पुन्हा जाऊन दर वीस-पंचवीस सेंटिमीटरला नमुना घ्यावा. प्रत्येक पातळीवर निदान दोन कांड्या हव्यात.

नमुने नेताना ते स्पीकर, मोबाइलचे चुंबकी कव्हर आणि मोटारींपासून दूर ठेवावेत. लोखंडी पेटीऐवजी लाकडी खोके वापरावे. आत घालायला जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे फोमपेक्षा चांगले, असा माझा अनुभव आहे, कारण कांड्या एकमेकींवर घासत नाहीत आणि बाण पुसले जात नाहीत.

प्रयोगशाळेतील काम

सोलापूरहून रेल्वेने गाठता येतील अशा दोन संस्थांमध्ये पुराचुंबकत्वाचे काम चालते. त्या म्हणजे नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि हैदराबादमधील राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था. कांडी २.२ सेंटिमीटर लांबीत कापली जाते आणि तिचे चुंबकत्व स्पिनर किंवा अतिशीत मॅग्नेटोमीटरवर मोजले जाते. पहिल्या मोजणीत जे दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. त्यात मूळ दिशेवर आजच्या क्षेत्राचा लेप चढलेला असतो. कॅस्पियनकाठच्या बाकूजवळच्या, म्हणजे सुमारे ४०.४ अंश उत्तर अक्षांशावरच्या, थरांमध्ये हा लेप उत्तरेकडे आणि सुमारे ६० अंश खाली झुकलेला दिसेल. मातुयामा काळातील खरी दिशा त्याच्या नेमकी उलट, दक्षिणेकडे आणि वर असेल. दोन्ही एकत्र मोजल्यास निरर्थक मधली दिशा येते.

लेप काढण्यासाठी नमुना चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्य केलेल्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर थंड करून मोजतात, किंवा हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणाऱ्या, क्षेत्रात ठेवतात. आधुनिक लेप बहुधा २०० अंश सेल्सिअसपर्यंत निघून जातो. त्यानंतर मोजलेले चुंबकत्व आलेखावर सरळ रेषेत आरंभबिंदूकडे, म्हणजे शून्याकडे, जाऊ लागते आणि ती रेषा हीच मूळ दिशा. झायडरवेल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखावर ही रेषा डोळ्यांना दिसते आणि किर्शविंक यांनी १९८० मध्ये मांडलेल्या रीतीने तिची दिशा व विचलनाचा कोन, म्हणजे मोजणीचे बिंदू रेषेपासून किती विखुरले आहेत याचे माप, काढता येतो. हा कोन १५ अंशांपेक्षा अधिक असेल, तर नमुना बाद करावा. चांगल्या दिसणाऱ्या निकालासाठी ही मर्यादा सैल करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

चुंबकत्व कोणत्या तापमानाला संपते, यावरून खनिज ओळखता येते. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८० अंशांना, हेमॅटाइटचे ६७५ ते ६८० अंशांच्या आसपास आणि गोथाइटचे १२० अंशांना नष्ट होते. खोऱ्यांच्या कामात खरी डोकेदुखी आहे ती ग्रेगाइट या लोहगंधकाच्या खनिजाची. ते पाण्यातून वाहत आलेले नसते, तर प्राणवायू नसलेल्या, निमखाऱ्या पाण्याच्या तळाशी चिखलातच तयार होते. कधी ते गाळ साचल्यानंतर लगेच वाढते आणि अत्यंत उत्तम नोंद ठेवते, तर कधी हजारो-लाखो वर्षांनी वाढते आणि भलत्याच काळाची ध्रुवता थरात घुसवते. ते ३०० ते ४०० अंशांदरम्यान मोडते व तापवताना नवे मॅग्नेटाइट तयार होऊन मोजणी बिघडते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर नमुन्याची चुंबकग्राहिता, म्हणजे बाहेरच्या क्षेत्रात चुंबकित होण्याची क्षमता, हीही मोजावी. ती एकदम वाढली, तर पुढचे तापवणे थांबवावे. प्रत्यावर्ती क्षेत्रातही ग्रेगाइट उच्च टप्प्यांवर खोटे चुंबकत्व धारण करू शकते.

समुद्र आत शिरताना किंवा हटताना पाण्याचा खारटपणा व प्राणवायू बदलतो आणि त्यासोबत गाळातील चुंबकीय खनिजही बदलते. म्हणजे ज्या क्षणाचे वय आपल्याला हवे असते, नेमका त्याच क्षणी आपला लेखनिक बदलतो. म्हणून सीमेच्या वर आणि खाली वेगळी खनिजे असतील, तर तिथल्या ध्रुवताबदलावर एकदम विश्वास ठेवू नये. शेजारच्या मॅग्नेटाइटयुक्त थरांतही तोच बदल त्याच पातळीवर दिसतो का, ते पाहावे. सामान्य आणि व्युत्क्रम दिशांची सरासरी एकमेकींच्या नेमकी उलट आहे का, याची चाचणी घ्यावी. थरांना घड्या पडलेल्या असतील, तर घडी सरळ केल्यावर दिशा एकवटतात की विखुरतात, हेही तपासावे. घडी सरळ केल्यावर त्या विखुरल्या, तर चुंबकत्व घडी पडल्यानंतरचे समजावे.

वेळापत्रकाशी जुळवणी

आता एक काल्पनिक छेद घेऊ. तो १३० मीटर जाडीचा आहे. तळापासून २० मीटरपर्यंत सामान्य ध्रुवता, तिथून ९८ मीटरपर्यंत मुख्यतः व्युत्क्रम, ९८ ते ११६ मीटर सामान्य आणि त्यावर पुन्हा व्युत्क्रम. ७३ मीटरच्या आसपास तीनेक मीटरची सामान्य पट्टी दिसते. राखेच्या थराने हा छेद प्लायोसीन-प्लाइस्टोसीन काळातला, म्हणजे गेल्या सुमारे ५३ लाख वर्षांतला, असल्याचे आधीच ठरलेले आहे. २० मीटरवरची सीमा गॉस व मातुयामा यांच्यातली, म्हणजे २५.८ लाख वर्षांची मानली आणि ९८ मीटरवर ओल्डुवाईची सुरुवात १९.३ लाख वर्षांची मानली, तर ७८ मीटर गाळ साचायला साडेसहा लाख वर्षे लागली. म्हणजे वेग लाख वर्षांना १२ मीटर. या वेगाने ओल्डुवाई १८ मीटर जाड आणि रियुनियन ७३ मीटरवर यायला हवा. दोन्ही तसेच येतात. जुळवणी बरोबर असल्याचा हा अंतर्गत पुरावा आहे आणि तो मिळेपर्यंत वय जाहीर करू नये.

या छेदात ४४ मीटरवर पाणी ओसरल्याच्या खुणा असतील, तर ती पातळी सीमेच्या २४ मीटर वर, म्हणजे २ लाख वर्षांनी अलीकडची आणि वय २३.८ लाख वर्षे येते. ८ मीटरवर समुद्र शिरल्याची खूण असेल, तर याच वेगाने ती २६.८ लाख वर्षांची निघते. दोन्ही गणिते सारखी दिसतात, परंतु त्यांची किंमत सारखी नाही. पहिली दोन ज्ञात सीमांच्या मधली आहे. दुसरी सीमेबाहेर ताणलेली आहे आणि समुद्र येण्याआधी गाळ वेगळ्याच वेगाने साचत असणार, कारण किनारा पुढेमागे सरकला की गाळाची वाट बदलते. दुसऱ्या वयापुढे मोठी अनिश्चितता लिहावी किंवा फक्त गॉस कालखंडाच्या उत्तरार्धातील, इतकेच म्हणावे. एक मीटर अंतराने नमुने घेतल्यास सीमेच्या जागेत अर्ध्या मीटरची चूक शक्य असते आणि ती या वेगाने सुमारे ४,२०० वर्षांची होते. वेळापत्रकातली आणि वेग बदलण्याची अनिश्चितता त्यावर आणखी येते.

आणखी एक सापळा पाणी ओसरण्यातच दडलेला आहे. पातळी उतरली की उघड्या पडलेल्या थरांची झीज होते आणि पट्टीचा काही भाग, कधी अख्खी पट्टी, नाहीशी होते. झिजेच्या पृष्ठभागाच्या वर आणि खाली सारखीच ध्रुवता आली, म्हणून तिथे खंड नाही असे समजू नये. अशा पृष्ठभागाच्या आरपार वेगाची रेघ ओढू नये. वरचा आणि खालचा भाग दोन वेगळे छेद म्हणून मोजावेत आणि खंडाचे वय दोन आकड्यांच्या दरम्यान असे लिहावे.

अहवालात ध्रुवतेच्या स्तंभाशेजारी खडकांचा स्तंभ, जीवाश्मांच्या पातळ्या, बाद केलेल्या नमुन्यांच्या जागा आणि प्रत्येक पातळीवरील आभासी चुंबकीय ध्रुवाचा, म्हणजे नमुन्याच्या दिशेवरून गणिताने काढलेल्या ध्रुवाचा, अक्षांश एकाच मापात काढावा. बाद नमुने पोकळ ठिपक्यांनी दाखवावेत, ते लपवू नयेत. प्रत्येक कांडीचा न तापवलेला जोडीदार क्रमांक आणि बाणासह कपाटात जपून ठेवावा, म्हणजे जुळवणीवर कोणी शंका घेतलीच तर तो पुन्हा मोजता येईल.